गयाबाईंच्या रिकाम्या पट्ट्या

निवृत्त माणसाने लिहावा असा हा मजकूर मी एकोणतिसाव्या वर्षी लिहिते आहे. संपादकांनी फोनवर शंका काढली, "इतक्या लवकर अनुभवकथन?" मी म्हटले, हो. तीस वर्षांनी लिहायला बसले, तर तोवर माझ्या चुकांना मी 'अनुभव' हे भारदस्त नाव दिलेले असेल. आज त्या अजून चुकाच आहेत, आणि त्यांपैकी एक माझ्या सहीने सरकारी अहवालात नोंदलेली आहे.

मी मूळची संगमनेरची. बी.एस्सी. नर्सिंग उत्तम गुणांनी झाले. वर्गातल्या मैत्रिणी पुण्याच्या अतिदक्षता विभागांत गेल्या, दोघी परदेशी. मी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या पुढच्या एका उपकेंद्रात रुजू झाले. "एवढं शिकून म्हाताऱ्यांचं बीपी मोजणार?" असे मावशीने विचारले होते. यात त्याग वगैरे काही नव्हता. अतिदक्षता विभागात येणारे रुग्ण तिथपर्यंत पोहोचतातच का, हा मला अधिक अवघड प्रश्न वाटत होता, आणि अवघड प्रश्न सोडवून दाखवण्याची मला हौस आहे. महत्त्वाकांक्षा म्हणा. मी ती नाकारत नाही.

बाहेरच्या वाचकासाठी हे काम थोडक्यात सांगते. दसरा झाला की आमच्या गावातली निम्मी घरे ऊसतोडीला जातात आणि वैशाखाच्या तोंडावर परततात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि त्यांचे आजार: रक्तदाब, साखर, गुडघे, दमा. त्यांना गोळीची आठवण करून देणारी, गरम भाकरी वाढणारी, मोटारसायकलवर बसवून नेणारी माणसे शेकडो कोसांवरच्या फडात असतात. दवाखाना महिन्यातून दहा मिनिटांचा. उरलेला सगळा उपचार घरी, चुलीपाशी, अक्षरओळख नसलेल्या आणि अंधुक दिसणाऱ्या माणसाने स्वतःच स्वतःवर करायचा असतो. त्यात हे आजार दुखत नाहीत. "दुखत न्हाई तर गोळी कशापायी?" हा प्रश्न मला आठवड्यातून चार वेळा ऐकू येतो, आणि तर्काच्या दृष्टीने तो अगदी बिनतोड आहे.

मी त्याला पद्धतीने उत्तर दिले. गुरुवार हा बीपी-शुगरचा दिवस ठरवला. प्रत्येकाने महिन्यातून एका गुरुवारी यायचे. गोळ्यांच्या पट्टीवर सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चांदणी काढून द्यायची. पुढच्या वेळी रिकामी पट्टी दाखवली तरच नवी मिळेल. आकडा हद्दीत आला तर कार्डावर हिरवी खूण, नाही तर लाल. शिवाय उपकेंद्राच्या भिंतीवर एक फळा लावला आणि त्यावर 'या महिन्याचे आदर्श रुग्ण' असे झोकदार अक्षरांत लिहिले. सहा महिन्यांत माझी आकडेवारी तालुक्यात सर्वांत चांगली झाली.

त्या फळ्यावर सर्वांत वर नाव असे गयाबाईंचे. वय विचारले तर म्हणायच्या, "आसंल सत्तर-पंचाहत्तर, कुनी मोजलंय!" उंच, काटक, दोन शेळ्या आणि एक मुलगा एवढा प्रपंच. मुलगा भागवत आणि सून दोघेही ऊसतोडीला जात. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारले होते, "म्याडम, लगीन झालं का?" मी नाही म्हटले. "मंग आमालाच रागवून घ्या. कुनावर तरी राग निघाया पायजे मानसाचा." रांगेतल्या सगळ्या बाया हसल्या. मी हसले नाही. मी त्यांच्या कार्डावर वजन लिहीत होते.

दर महिन्याला गयाबाई चार रिकाम्या पट्ट्या पदराच्या गाठीतून काढून माझ्या टेबलावर पत्त्यांसारख्या मांडत. दोन बीपीच्या, दोन शुगरच्या. रक्तदाब हद्दीत. उपाशीपोटीची साखर हद्दीत. हिरवी खूण. "नाव लिवा वर," असे म्हणत त्या फळ्याकडे बोट दाखवत. वाचता येत नव्हते, पण आपले नाव कितव्या जागी आहे हे त्यांना नेमके कळत असे.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधी मी काही रुग्णांचे रक्त तालुक्याच्या प्रयोगशाळेत तीन महिन्यांच्या साखरेच्या तपासणीसाठी पाठवले. ही तपासणी अशी: रक्तातल्या तांबड्या पेशींना साखर चिकटते, आणि पेशी साधारण तीन-चार महिने जगते. त्यामुळे आज सकाळी तुम्ही काय खाल्ले याच्याशी तिला देणेघेणे नसते. गेल्या तीन महिन्यांत साखर कशी वागली तेवढेच ती सांगते. गयाबाईंचा आकडा इतका वाईट आला की मी प्रयोगशाळेला फोन करून नमुन्यांची अदलाबदल झाली का, असे जरा चढ्या आवाजातच विचारले. तिथल्या माणसाने शांतपणे दुसऱ्यांदा तपासून दिले. आकडा तोच.

तेव्हा माझ्यापुढे दोन शक्यता उरल्या. एक तर जीवरसायनशास्त्र चुकत होते, नाही तर माझा फळा. मी आमच्या गावातल्या आशा कार्यकर्त्या मंदाताईंना सोबत घेतले आणि सोमवारी सकाळी, न सांगता, गयाबाईंच्या वस्तीवर गेले.

त्या अंगणात बाजरीची कणसे बडवत होत्या. आम्हाला पाहताच बडवणारा हात थांबला.

"आज कामून आल्या? आज तर सोमवार हाय."

या एका वाक्यात माझ्या सहा महिन्यांच्या संशोधनाचा निष्कर्ष होता. मी यंत्राचा पट्टा त्यांच्या दंडाला बांधला. वरचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. मी पाच मिनिटे थांबून पुन्हा मोजले. तोच.

"आजी, गोळ्या कुठे आहेत?"

"पोटात."

"पोटात नाहीत. तुमच्या रक्तानेच सांगितलं."

"रगत बी चुगली करतं व्हय?" त्या मंदाताईंकडे वळल्या. "मंदे, तू दिलं न्हवं माझं रगत पाठवून?"

"मावशे, लपवू नको," मंदाताई म्हणाल्या. "म्याडम सोडनाऱ्या न्हाईत. मला म्हाईत हाय, मी रोज भोगते."

गयाबाई उठल्या. घरात गेल्या, आणि फळीवरून च्यवनप्राशचा एक मोठा रिकामा डबा घेऊन आल्या. रिकामा नव्हता. झाकण उघडले तर आत पांढऱ्या गोळ्या, गळ्यापर्यंत. पट्टीतून एकेक काढून साठवलेल्या, बीपीच्या आणि शुगरच्या एकत्र, काही दमट हवेने भुगा झालेल्या. रिकाम्या पट्ट्या मला, भरलेला डबा फळीला.

"मग गुरुवारी आकडा चांगला कसा येतो?"

"आइतवारपासनं चार दिस खाते की. बुधवारी रातच्याला भाकरी खात न्हाई, निस्तं ताक पेते. तुमाला लाल पेन घ्यावा लागू नये म्हनून."

लाल पेन मला टोचला, पण त्या क्षणी टोचणे बाजूला ठेवावे लागले, कारण मी विचारले, "या गोळ्या कुणासाठी?" आणि त्यांनी उत्तर दिले.

दोन हंगामांपूर्वी कारखान्यावर कुणीतरी शिबिर घेतले होते. त्यात भागवतचा रक्तदाब भयंकर निघाला. जन्मभर गोळी घ्यावी लागेल असे सांगून त्यांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. त्याने ही गोष्ट आईशिवाय कुणाला सांगितली नाही. टोळी नेणाऱ्या मुकादमाला कळले असते तर त्याने टोळीत दुसरी जोडी घेतली असती. गावात असताना तो उपकेंद्रात आला असता तर फळ्याजवळच्या रांगेत सगळ्यांनी त्याला पाहिले असते. म्हणून गेल्या हंगामाला आईने आपल्या गोळ्या डब्यात भरून त्याच्याबरोबर दिल्या. वर लेबल च्यवनप्राशचे, कोण विचारतो? आता भरला होता तो या हंगामाचा.

"पण यातल्या निम्म्या साखरेच्या आहेत! भागवतला साखर आहे का?"

"न्हाई. पर जोडी हाय ना ती. तुमी मला दोन देता, बारकी आन् तिच्याहून बारकी. एकटी गोळी काम कशी करंल?"

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. एकट्या माणसाला टोळीत जागा नसते. आयुष्यभर हाच हिशोब पाहिलेल्या बाईने गोळ्यांनाही तोच लावला होता. मी त्यांना दोन आजार आहेत हे अनेकदा सांगितले होते. कुठली गोळी कुठल्या आजाराची, हे त्यांच्या तोंडून एकदाही वदवून घेतले नव्हते.

"त्याला काही त्रास झाला का गेल्या वर्षी?"

"चक्कर यायची. फोनवर सांगितलं त्यानं. मी म्हनलं, बीपी वाढलं आसंल, दोन-दोन खा."

"चक्कर कधी यायची?"

"सकाळच्या पारी, कोऱ्या च्यासंगं गोळ्या खाऊन मोळ्या बांधताना. घाम फुटायचा, हात थरथरायचे. मंग सून ऊस सोलून द्यायची. दोन कांड्या चघळल्या की उठून पुन्हा कोयता हातात."

ऊस चघळला की बरे वाटते. हे वाक्य पाठ्यपुस्तकात सापडणार नाही, पण निदान त्यातच होते. साखर उतरवणारी गोळी पोटात अन्न असतानाच घ्यायची असते. हा माणूस, ज्याला साखरेचा आजारच नाही, ती पहाटे कोऱ्या चहाबरोबर दुप्पट घेत होता आणि उपाशीपोटी कोयता चालवत होता. रक्तातली साखर धोक्याच्या खाली जात होती. उसाऐवजी तो दुसऱ्या कुठल्या पिकात असता, तर उठला असता की नाही, मला सांगता येत नाही.

टोळी शनिवारी निघणार होती.

भागवत दुपारच्या जेवणाला आला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, अबोल माणूस. डबा माझ्या मांडीवर पाहून तो आईकडे बघत राहिला.

"आये, तुला सांगितलं हुतं."

"मी न्हाई सांगितलं. रगतानं सांगितलं."

मी त्याला डब्यातल्या दोन गोळ्या तळहातावर घेऊन समजावले. तो ऐकून घेत म्हणाला, "म्याडम, सगळं खरं हाय तुमचं. पर तुमच्या वहीत नाव चढलं की गावात फुटतं. मुकादमाला कळलं, तर आमी दोघं बी घरी. मंग बीपी घेऊन करायचं काय?"

"आणि तुमच्या आईच्या अंगावरून वारं गेलं तर? तुम्ही फडात, ती इथे एकटी. शेळ्या सोडून पाहणारं कुणी नाही."

उत्तर गयाबाईंनी दिले. "ते माझं मी बघीन. त्याला गोळी द्या, मंग माझी मी खाते. न्हाईतर माझ्या नावावरच्या गोळ्या मपल्या हायत. कुनाला बी देईन."

मला राग आला होता. तरीही मी मान्य करते की त्या अंगणातला सर्वांत सुसंगत युक्तिवाद त्यांचा होता. औषधाचा साठा थोडा आणि माणसे दोन, तेव्हा कमावणाऱ्याला आधी. डॉक्टरही आणीबाणीत असाच क्रम लावतात. फक्त इथे साठा थोडा नव्हता. थोडा होता तो नियम: नोंदणी असेल त्यालाच, स्वतः हजर असेल तरच, आणि एका वेळी एकाच महिन्याचे. सहा महिने परमुलखात राहणाऱ्या माणसाने हा नियम कसा पाळायचा, याचे उत्तर कुठल्याही परिपत्रकात मला सापडले नव्हते. गयाबाईंनी ते च्यवनप्राशच्या डब्यात शोधले होते.

बुधवारी भागवत प्राथमिक आरोग्य केंद्रात आला. रांगेतून नाही, डॉक्टरांशी बोलून मी त्याला मागच्या दाराने नेले. साखर उत्तम, रक्तदाब वाईट. डॉक्टरांनी एकच गोळी लिहून दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "महिन्याचाच साठा, हं. तुम्हाला ठाऊक आहे."

"सर, तो परवा-तेरवा निघाला. तीन महिन्यांची गोळी मी देते आहे, आणि रजिस्टरमध्ये तीन महिनेच लिहिते आहे."

"लिहू तरी नका."

"लिहिणार. याच गोळ्या गेलं वर्षभर आपण त्याला देतोच आहोत, सर. फक्त आईच्या नावावर. साठ्यात फरक पडत नाही. नाव खरं होतं, एवढंच."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्या रजिस्टरमधल्या त्या ओळीखाली त्यांनीही सही केली. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

शनिवारी सकाळी ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या भरत होत्या. भांडी, सरपण, कोंबड्यांची खुराडी. मी तिथे मुद्दाम गेले. मुकादमाने विचारले, "म्याडम, तुमी हिकडं कुठं?" मी म्हटले, टोळीतल्या सगळ्यांचा रक्तदाब मोजायला. आणि खरोखरच सगळ्यांचा मोजला, पहिला मुकादमाचा. त्याचा आकडा भागवतच्या आकड्यापेक्षा वाईट निघाला. "ह्ये कुनाला सांगू नका," मुकादम हळू आवाजात म्हणाला. सूनबाई ट्रॉलीवर तोंडाला पदर लावून हसत होती. तिच्या पिशवीत गोळ्या होत्या, पट्टीतच, सूर्य काढलेल्या, आणि पुढच्या तीन महिन्यांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी.

त्या हंगामात भागवतने ऊस फक्त तोडला. चघळावा लागला नाही.

इथे थांबले असते, तर ही एक सुखान्त गोष्ट झाली असती. पण पुढच्या पंधरवड्यात मी यादीतल्या प्रत्येकाच्या घरी आडवारी, न सांगता गेले. डबा एकच नव्हता. कुणी गोळ्या दुखण्याच्या दिवसासाठी राखून ठेवल्या होत्या, कुणी विधवा बहिणीला दिल्या होत्या, कुणी नुसत्याच परसात पुरल्या होत्या. पट्ट्या मात्र सगळ्यांच्या रिकाम्या. माझी पद्धत इतकी काटेकोर होती की तिने सगळ्या गावाला काटेकोरपणे खोटे बोलायला शिकवले होते. मी फळा पुसला आणि लाल पेन मंदाताईंच्या मुलीला देऊन टाकला. आणि मागच्या सहा महिन्यांच्या अहवालाला पुरवणी जोडली: 'सदर आकडे विश्वासार्ह नाहीत. कारण पद्धतीतील दोष. जबाबदारी माझी.'

तालुक्याच्या आढावा बैठकीत साहेबांनी कागद उचलून धरला. "मॅडम, चांगला आलेख स्वतःच्या हाताने कुणी खाली आणतं का?"

"आलेख होता तिथेच होता, सर. मी फक्त खरा काढला."

"आदर्श उपकेंद्रासाठी तुमचं नाव जाणार होतं."

"माहीत आहे."

"आणि ही तीन महिन्यांची गोळी? लेखी खुलासा लागेल."

खुलासा मी दोन पानांचा दिला, टोळीच्या येण्याजाण्याच्या काळासह, आणि शेवटी स्थलांतरित रुग्णांना हंगामभराचे औषध एकदम देण्याचा प्रस्ताव जोडला. त्यावर अजून उत्तर नाही. या वर्षी मी पुन्हा तीन महिन्यांची दिली आहे, पुन्हा रजिस्टरमध्ये लिहून. पुन्हा खुलासा मागितला, तर प्रस्तावही पुन्हा जोडेन. माझ्याकडे कागद पुष्कळ आहेत.

ज्याचा खुलासा मला कुणी मागितला नाही, ते वेगळेच आहे. मागच्या हिवाळ्यात गयाबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात नेले. डाव्या डोळ्याच्या पडद्याला साखरेने इजा केली होती. गेलेली नजर परत येणार नाही, असे तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले. हे नुकसान एका दिवसात होत नाही. ज्या महिन्यांत मी त्यांच्या कार्डावर हिरव्या खुणा करत होते आणि त्यांचे नाव फळ्यावर वर चढवत होते, त्याच महिन्यांत ते होत होते. परतताना एसटीत मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "एक हाय की आजून. शेळ्या दिसत्यात." आणि थोड्या वेळाने, "तुमी बी बारक्या हायत म्याडम. शिकताल."

मावशी अजूनही विचारते, परत कधी येणार. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी मी अर्ज केला आहे. 'तुमची सर्वांत मोठी कामगिरी' या रकान्यात सगळे जण वाढलेला आकडा लिहितात. मी उतरलेला लिहिला आहे, सकारण. प्रवेश मिळाला तर शिकून याच कामावर परत येईन, आणि तेव्हा प्रस्तावावर सही करण्याच्या खुर्चीपर्यंत जाईन. हेही मी नाकारत नाही.

गेल्या गुरुवारची गोष्ट. टोळी जाऊन आठवडा झाला होता. उपकेंद्रात चांगली गर्दी होती. गयाबाई आल्या, उजव्या डोळ्याने मला शोधले आणि टेबलावर पट्ट्या मांडल्या. एका पट्टीत दोन गोळ्या तशाच होत्या.

"म्याडम, काल आन् परवा न्हाई खाल्ली. भागवत गेल्यापास्नं घरात ध्यान लागत न्हाई. इसरले." त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आकडा वर यील. लिवा."

मी पट्टा बांधला. आकडा वर आला. महिनाअखेरच्या अहवालात तो आणखी एक बिघडलेला रुग्ण म्हणून मोजला जाणार होता.

मी लिहिला.